एकच सीट कमी

परभणीत एप्रिलमध्ये नऊ वाजताच बोनेटवर हात ठेववत नाही.
सर्वेवाली पोरगी तिथंच फॉर्म टेकवून लिहायला गेली,
चटका बसला, पॅड छातीशी धरलं.
काका, दोनच मिनिटं. नाव?
मुंजाजी सोळंके.
वाहनाचा प्रकार?
काळी-पिवळी. काळं आता राखेवर गेलंय,
पिवळं तेवढं उन्हानं जपलंय.
ती म्हणाली, टॅक्सी लिहिते.
लिही.

शहराच्या सार्वजनिक वाहतुकीत टॅक्सीची भूमिका काय?

भूमिका नाटकात असती, बाई.
आमची फेरी असती.
सिव्हिल, काळी कमान, खानापूर फाटा. वीस रुपये.
शाळेच्या पोराला दहा, अन् पोरगं रडायलं असंल तर
तेबी त्याच्या मायकडून उद्या.

आसनक्षमता?
कागदावर नऊ.
प्रत्यक्ष बसणारे?
ते तू मोज. मी बसलेले मोजत नाही,
कमी किती तेवढं मोजतो.
बावीस वर्षं झाली, या स्टँडवर एकच ओरडायलोय:
एकच सीट कमी, एकच सीट!
आत दोघं असले तरी एकच.
बारा असले तरी एकच.
खोटं आहे, लोकांनाबी माहिती आहे.
पण पाच कमी म्हणलं की माणूस पानटपरीकडं सरकतो,
एक कमी म्हणलं की त्याला वाटतं,
आपलीच वाट बघायलेत.

माझं म्हणशील तर माझी अर्धीच सीट.
उजव्या अंगाला एक गडी असतोच,
म्हणून अर्धा मी दाराबाहेर, एक पाय वाऱ्यावर.
कोणत्या रकान्यात टाकतीस बघ.

मधल्या सीटवर, डोकं काचेला लावून झोपल्यात ना,
त्या अनुसया सिस्टर. नाईट करून निघाल्यात.
काळ्या कमानीला त्यांना उठवायचं असतं.
हाक नाही मारत. ब्रेकचा एक गचका देतो,
कासारणीच्या टोपलीत बांगड्या वाजतात,
त्या उठतात, चप्पल शोधतात.

अन् पायाशी हे डबे बघ, चार. कालचे, रिकामे, परत चाललेत.
पहाटे भरलेले येतात, फाट्यापुढच्या गावातून,
एकटेच, कडीला चिंधी बांधून.
लाल चिंधीचा विद्यापीठातल्या पोराचा,
पांढरीचा कोर्टातल्या कारकुनाचा.
निळीचा कुणाचा ते मला माहिती नाही,
टपरीवर ठेवतो, कुणीतरी नेतं.
डब्याला तिकीट नाही. तुझ्याकडं रकाना आहे का?
ती म्हणाली, ‘इतर’.

सिटी बस?
येती ना. पेपरात येती, नारळासकट.

मोबाईलवरच्या गाड्यांचा परिणाम?

ते अवेज चाऊसला विचार.
इथंच नंबर लावायचा, माझ्या मागं.
जीप भंगारात दिली, संभाजीनगरला गेला,
पांढरी गाडी घेतली. मोबाईल म्हणंल तिकडं वळायचं.
माणूस मागं बसतो, काच लावतो,
कानात काड्या घालतो, उतरतो.
रमजानला घरी आला तेव्हा म्हणला,
मुंजा, एक सवारी में गाडी फुल हो जाती रे,
फिरबी खालीच लगती.
काय लिहायलीस? हे नको लिहू.
हे त्याचं आहे.

शेवटचा प्रश्न. शासनाला काही सूचना?
आहे. दार हळू लावा.

ती हसली. पॅड पिशवीत घातलं, घाम पुसला, म्हणाली,
फाट्यावरचे फॉर्म राहिलेत, आता काय मिळंल तिकडं?
मी खाली उतरलो, तिच्याकडं न बघता
रस्त्याला ओरडून सांगितलं,
एकच सीट कमी!

कासारणीनं टोपली मांडीवर घेतली,
सिस्टर झोपेतच सरकल्या.
पोरगी बसली, अन् दार
सांगितल्यासारखं हळू लावलं.
लागलंच नाही.
मग उघडून, पुन्हा,
दण्णकन.